कडेकडेने चालव म्हणे!

"कडेकडेने चालव गं, आणि सावकाश जा." आमच्या घरातली कुणीही बाई स्कूटरची किल्ली घेऊन उंबऱ्याबाहेर पडली की मागून हे वाक्य येणार म्हणजे येणारच. सासूबाई म्हणतात, नवरा म्हणतो, समोरचे काका गॅलरीतून म्हणतात, परवा तर पाचवीतल्या पुतण्यानेही म्हणून घेतलं. प्रेमापोटी म्हणतात, मान्य. पण मंडळी, आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे. नव्याने स्कूटर शिकलेली बाई जेव्हा मोठ्या रस्त्याला लागते, तेव्हा ट्रकइतकाच हा सल्लाही तिच्या जिवावर उठलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आता ओरडा.

ज्यांना येवलं फक्त पैठणीपुरतं माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या गावातून दोन मोठे रस्ते जातात. एक नगर-मनमाड (नगरचं 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, तरी रस्त्याला लोक अजून नगर-मनमाडच म्हणतात) आणि दुसरा नाशिकहून संभाजीनगरला जाणारा. विंचूर चौफुलीवर पाच मिनिटं उभं राहा आणि काय काय जातं ते मोजा. पुण्याकडून मालेगाव-धुळे-इंदूरकडे निघालेले कंटेनर, शिर्डीच्या बसेस आणि भाड्याच्या गाड्या, लाल डबा, कांद्याच्या पिकअप, आणि गळीत हंगामात कोपरगावच्या बाजूच्या कारखान्यांना ऊस नेणारे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, तिथला प्रश्नच मिटला. आमच्याकडे तशी सोय नाही. अंदरसूलला शाळेत जा, कोपरगावला कॉलेजला जा नाहीतर मनमाडला गाडी पकडायला जा, या दोन रस्त्यांपैकी एकाला लागल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकले. कारण साधं. माझी शाळा अंदरसूलच्या अंगाला आहे आणि बसची वेळ व शाळेची घंटा यांचं कधी जमलं नाही. गावातल्या गल्ल्यांमधून महिनाभरात हात बसला. भाजीबाजार, बँक, देऊळ, सगळं व्हायला लागलं. आणि मग आला तो मोठा रस्ता, आणि त्याबरोबर ही सल्लागार मंडळी.

तर ही "कड" म्हणजे नेमकं काय, ते एकदा बघू. सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक शांत, सुरक्षित पट्टी असते, जिथे ट्रक येत नाही आणि बाई निवांत जाते. प्रत्यक्षात काय असतं? डांबर संपतं तिथे खाली चार बोटांची, कुठे कुठे वीतभराची पायरी. पायरीखाली सुटा मुरूम. डांबराच्या शेवटच्या हातभर भागात मधल्या वाहतुकीने उडवलेली सगळी खडी येऊन साचलेली. ट्रॉलीतून पडलेली उसाची टिपरं, फुटलेल्या बाटल्या, पंक्चरवाल्याने फेकलेलं काहीबाही. शिवाय उलट्या दिशेने येणारे महाभाग. त्यांनाही त्यांच्या घरून "कडेने जा रे" असंच सांगितलेलं असतं, फक्त त्यांनी आपली कड धरलेली असते. ढाब्यासमोर मागचा दिवा न लावता उभा केलेला ट्रक असतो. आणि शेळ्या. शेळ्या कायम कडेनेच चालतात, त्यांना कुणी सांगावंही लागत नाही :)

मोटरसायकलचं चाक मोठं असतं, ते असल्या गोष्टींवरून थोडंफार निभावून जातं. स्कूटरचं चाक लहान. त्याला तोच खड्डा दुप्पट खोल लागतो. आमच्या शाळेतल्या एक बाई दोन पावसाळ्यांपूर्वी पडल्या त्या अशाच. मागून ट्रकचा हॉर्न वाजला, त्या आधीच डांबराच्या टोकावर होत्या, आणखी डावीकडे सरकल्या, चाक पायरीवरून खाली उतरलं. घाबरून त्यांनी लगेच तिरकं हँडल मारून वर यायला बघितलं. पुढचं चाक त्या पायरीला घासलं आणि गाडी आडवी. हात मोडला, सहा आठवडे प्लास्टर. ट्रकचा त्यांना स्पर्शही झाला नव्हता. नंतर सगळीकडे चर्चा काय? "बाईंना हायवे झेपला नाही." अहो, त्यांनी शब्दन् शब्द तुमचंच ऐकलं होतं की!

मग कुठून चालवायचं, रस्त्याच्या मधून? हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू असतं. नाही हो, मधून नाही. आपल्याकडे डावी बाजू धरायची हा नियम आहे आणि तो धरायचाच. पण डावी बाजू म्हणजे डांबराची चिरफळी उडालेली किनार नव्हे. मोटारींची डावी चाकं जिथून जातात तो पट्टा बघा. तो घासून स्वच्छ झालेला असतो, खडी नसते. कडेपासून साधारण एक-सव्वा मीटर आत, म्हणजे पैठणीच्या पन्ह्याएवढं अंतर. तिथून चालवायचं. याचे दोन फायदे आहेत. मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही एक वाहन म्हणून दिसता. तो ओलांडायचं ठरवतो तेव्हा बाजूला होऊन, जागा बघून ओलांडतो. तुम्ही टोकावर असलात की त्याला वाटतं, जाईल निघून, आणि तो तुमच्या कोपराला वारा घालत तसाच घुसतो. दुसरं म्हणजे, खरंच कुणी अंगावर आलंच तर तुमच्या डाव्या हाताला पन्हाभर जागा शिल्लक असते. त्या बाईंकडे तीच नव्हती. सरकायची वेळ आली आणि सरकायला डांबरच उरलं नव्हतं.

आता वाक्याचा दुसरा भाग: सावकाश. इथे मला जपून बोललं पाहिजे, कारण वेगाने माणसं मरतात यात वादच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली. त्यातले शंभरातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस दुचाकीवरचे. त्यामुळे कुणी माझ्या लेखाचा आधार घेऊन सत्तर-ऐंशीने गाडी हाणली तर मी त्याची कानउघाडणी करायला स्वतः घरी येईन. ताशी 40 वर असताना आपण सेकंदाला 11 मीटर जातो, 60 वर जवळजवळ 17. आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर दीडपट नाही, सव्वादोनपट होतं. हे गणित मी सातवीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवते.

पण हेच गणित उलट्या बाजूनेही करावं लागतं. मोठ्या रस्त्यावर सगळे ताशी 60 ने जात असताना तुम्ही 25 ने चाललात, तर मागचं प्रत्येक वाहन तुमच्याकडे 35 च्या फरकाने येतं. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा मीटर. शंभर मीटरवर असलेला ट्रक दहा सेकंदांत पाठीशी. तुम्ही मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर 45 ने चाललात तर त्याच ट्रकला तेवढं अंतर कापायला चोवीस सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्हाला तो आरशात दिसतो, त्याला तुम्ही दिसता, समोरून येणारं वाहन निघून जातं. गावात 25 शहाणपणाचं आहे. मोठ्या रस्त्यावर तुम्ही 25 ने गेलात तर दर मिनिटाला कुणी ना कुणी तुम्हाला ओलांडत राहणार, आणि नवशिक्याची खरी धांदल उडते ती ओलांडलं जाताना.

दुसरा एक पंथ आहे. तो पहिल्यापेक्षा जास्त मर्दानी. "भीती मोडायची असते वहिनी. एकदा सरळ शिर्डीला जाऊन या. येताना भीती बाबांच्या पायाशी ठेवून या." असं सांगणारे भाऊजी आमच्या नात्यात तीन तरी आहेत. (तिघांनाही कळलं असेल कोण ते.) यांच्या मते आत्मविश्वास ही एक छातीत असलेली वस्तू आहे. पुरुषांच्या ती जन्मतः असते, बायकांना शिर्डीहून आणावी लागते. भाऊजी, येवल्यात राहून तुम्ही हे बोलता? इथल्या कुठल्या हातमागावर नव्या पोराला पहिल्या दिवशी पदरावरचा मोर विणायला बसवतात? आधी कांड्या भरा, धागा तुटला की जोडायला शिका, मग साधं विणकाम, मग बुट्टी. सहा महिन्यांनी त्याचा हात न थरथरता चालतो, तो काय छाती फुगवून? हाताला काम माहीत झालेलं असतं म्हणून. धागा बिघडला तर उसवता येतो, तरी आपण एवढी काळजी घेतो. आणि बाईला मात्र "जा, होतं सगळं" म्हणून कंटेनरच्या पुढे सोडून देतो.

या दोन्ही पंथांना जोडणारी एक गोष्ट आहे: दोघेही शिकवत काहीच नाहीत. एक म्हणतो घाबर, दुसरा म्हणतो घाबरू नकोस.

आणि परीक्षा? तिच्याबद्दल तर काय बोलावं. शिकाऊ परवाना 2021 पासून आपल्याकडे घरबसल्या ऑनलाइन मिळतो. तीस दिवस झाले की पक्क्या परवान्याची परीक्षा, आणि दुचाकीची परीक्षा म्हणजे आठचा आकडा. पाय न टेकवता आठ काढला की झालं. आठ काढायला तोल लागतो, तो शिकणं चांगलंच. पण त्या वेगाने तर मी घरातून दळणाला जाते. आरशात बघून मागच्याचा अंदाज घेणं, 45-50 वर असताना ब्रेक लावणं, बाजूने कंटेनर गेल्यावर गाडी सरळ ठेवणं, यातलं काय विचारलं कुणी? काहीच नाही. परवाना मात्र आठ काढणाऱ्याला साऱ्या देशातल्या रस्त्यांचा मिळतो.

मला वाटतं आपल्या डोक्यात अजून लूना आहे. 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिकने ती आणली आणि तिने आपल्याकडच्या कितीतरी बायकांना पहिल्यांदा घराबाहेर काढलं. माझी मोठी मावशी तिच्यावरून आयुष्यभर नोकरीला गेली. पन्नास सीसी, पायडल मारायची सोय, वेग जेमतेम. तिच्यासाठी "कडेने, सावकाश" हा सल्ला ठीकच होता, कारण तिला दुसरं काही जमतच नव्हतं आणि तेव्हाचा रस्ताही तसा होता. आताच्या एकशे दहा सीसीच्या स्कूटरला जरा मूठ पिळली की ती साठच्या पुढे जाते. रस्ता रुंद झाला, त्यावरची वाहनं तिप्पट वेगवान झाली. सल्ला तेवढा आपण लूनाबरोबर आला तसाच जपून ठेवला.

मला शिकवलं ते माझ्या धाकट्या जावेने. ती कोपरगावला नोकरीला जाते, रोज, गेली आठ वर्षं. तिने एकदाही "घाबरू नका ताई" म्हटलं नाही. पहिल्या रविवारी सकाळी तिने मला मोकळ्या मैदानावर नेलं, एक वीट ठेवली आणि म्हणाली, विटेपाशी थांबायचं. आधी वीसने येऊन, मग तीसने, मग चाळीसने. पंधरा-वीस वेळा. मी (आणि माझ्या ओळखीच्या निम्म्याअधिक बायका) फक्त डावा ब्रेक दाबायचो, कारण उजवा म्हणजे पुढचा, आणि पुढचा दाबला की गाडी कोलांटी खाते असं कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलेलं. खरं म्हणजे ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडीला थांबवायचं मुख्य काम तेच करतं. 2019 पासूनच्या नव्या स्कूटरींना तर डावा दाबला तरी पुढचाही थोडा लागतो, तशी सोय कंपन्यांना सक्तीची आहे. तरी दोन्ही एकत्र, हळूहळू आवळत दाबायचे, हँडल सरळ असताना. चाळीसवरून मी विटेच्या हातभर अलीकडे थांबायला लागले तेव्हा माझ्या पोटातला निम्मा गोळा आपोआप विरघळला. थांबता येतं हे हाताला कळलं होतं.

मग सकाळी साडेसहाला कोटमगावपर्यंत. जगदंबेच्या देवळापर्यंत तीनेक किलोमीटर जायचं आणि परत. पहिले दोन रविवार ती पुढे, मी मागे, ती जिथून जाईल तिथूनच मी. त्यानंतर मी पुढे आणि ती माझ्या मागे, म्हणजे मागून येणारा आधी तिला बघणार, मग मला. मग अंदरसूल. मग रहदारीच्या वेळेला. आणि शेवटी एकटीने. दोन महिने लागले. भाऊजींच्या हिशेबाने हा वेळ फुकट गेला.

त्या दोन महिन्यांत जे कळलं ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. समोरून कंटेनर गेला की आधी वाऱ्याचा धक्का बाहेर ढकलतो आणि मग तो मागे आत ओढतो. त्या वेळी हँडल गच्च आवळलं की आपलंच अंग आखडतं आणि गाडी जास्त डुलते. मूठ सैल, कोपर सैल, वेग तोच ठेवायचा, की गाडी जराशी हलून आपली आपण सरळ होते. नजर पुढच्या चाकासमोर नाही, लांब ठेवायची. खड्ड्याकडे टक लावून बघितलं की गाडी हमखास त्याच खड्ड्यात जाते. आणि आमच्या रस्त्याची एक खास गंमत: अंदरसूल येवल्याच्या पूर्वेला. सकाळी जाताना सूर्य डोळ्यांत, संध्याकाळी येतानाही सूर्य डोळ्यांत. मला दिसत नाही तसं माझ्या मागच्या ट्रकवाल्यालाही मी नीट दिसत नाही. म्हणून हिवाळ्यात मी भडक रंगाचं जॅकेट घालते. नवरा म्हणतो, रस्त्यावर काम करणाऱ्यांसारखी दिसतेस. दिसते ना? मग झालं तर.

संक्रांतीला भोगीपासून करीपर्यंत मात्र मी गाडी काढत नाही. त्या तीन दिवसांत येवल्याचं आभाळ आणि येवल्याच्या गच्च्या ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना कारण सांगायला नको. नायलॉन मांजावर हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, पण गळ्याशी आलेला मांजा बंदी आहे की नाही ते बघत नाही. रात्री मागचे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्यांचंही तसंच. अंधार पडायच्या आत परत. याला कुणी भित्रेपणा म्हटलं तर म्हणू दे.

"रस्तेच असे, त्यात शिकून काय होणार?" असं म्हणणाऱ्यांशी माझं अर्धं एकमत आहे. साईडपट्ट्या भरल्या पाहिजेत, चौफुल्यांवर दिवे पाहिजेत, त्यासाठी अर्ज करा, मोर्चा काढा, मी येते. पण उद्या सकाळी सातला मला त्याच रस्त्याने जायचं आहे, आणि साईडपट्टी उद्या सातपर्यंत भरली जाणार नाही. माझ्या एका मैत्रिणीने गेल्या वर्षी बढती नाकारली. नवी जागा मोठ्या रस्त्यावर बारा किलोमीटर आत होती, बसची सोय नव्हती, आणि घरच्यांनी "तुला नाही जमायचं" म्हणून विषय संपवला. पगारातला फरक, निवृत्तिवेतनातला फरक, सगळं गेलं. चार रविवार आणि एक वीट कुणी दिली असती तर...? असो.

हा सगळा खटाटोप आज लिहायचं कारण म्हणजे आमची भाची. (दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे.) जूनपासून ती कोपरगावला कॉलेजला स्कूटरने जाणार. गाडी आली, हळदकुंकू झालं, फोटो सगळ्यांना पोचले, आणि फोटोखाली तुझं वाक्य: कडेने जात जा बाळा. दादा, त्याच फोटोत गाडीचा डावा आरसा नाहीये. तिने तो काढून ठेवलाय, बरा दिसत नाही म्हणून. मागून काय येतंय ते न दिसता ती कडेला किती सरकणार आहे? आणि तिच्या मागे बसणारी मैत्रीण बिनहेल्मेटची असणार हेही मला दिसतंय. त्याच 2022 च्या अहवालात हेल्मेट नसल्यामुळे गेलेल्यांचा आकडा 50,029 आहे, आणि त्यातले 14,337 मागे बसलेले होते.

तर आधी तो आरसा परत बसवून घे, गॅरेजवाला पाच मिनिटांत बसवून देईल. हेल्मेट दोन आण, पट्टा हनुवटीखाली घट्ट बसणारी, आणि आत तो जाड स्कार्फ गुंडाळणं बंद करायला सांग, त्याने बाजूचं दिसत नाही आणि हॉर्नही नीट ऐकू येत नाही. मे महिना पूर्ण हाताशी आहे. रविवारी सकाळी सहाला तिला आमच्याकडे पाठव, उन्हं वर यायच्या आत. जाऊबाईंना मी विचारून ठेवलंय, त्या हो म्हणाल्या आहेत. वीट आमच्याकडे आहे. आणि तू बरोबर येणार असशील तर ये, पण तिच्या मागच्या सीटवर बसून सूचना द्यायच्या नाहीत. मैदानाच्या बांधावर बसायचं, वहिनींच्या हातचे पोहे खायचे, आणि गप्प राहायचं.